दोन बाजूंची फ्रेम

४ मार्च
पहिले बॉम्ब पडले. दुकानातल्या सगळ्या काचा गेल्या! फ्रेमच्या दुकानात काच नाही म्हणजे लग्नात नवरा नाही. मालक झाडता झाडता म्हणाले, "मिशाळाचे दिवस भरले बरं का." तेही हळूच. सवय!
खरं सांगते — मला आनंद झाला. मिशाळाची सत्ता गेली की तुरुंग उघडतील, दादा घरी येईल. चार पत्रकं वाटली म्हणून आत टाकलंय माझ्या भावाला. मेल्याचं वाटोळं होवो!

६ मार्च
विमानातून कागद पडले. 'आमचं भांडण तुमच्याशी नाही. उठा, त्याला खाली खेचा.' उठा म्हणे! तळघरात कंबर धरून बसलोय, उठायचं कसं ते पण लिहा की.
आईने फ्रेम फुलांवर ठेवलीय. घरोघरी हीच फ्रेम, आमच्याच दुकानातली — एका बाजूला मिशाळ, दुसऱ्या बाजूला फुलं. दारावर थाप पडली की फिरवायची. आई म्हणते, "आता कोण येतंय तपासायला!"

१० मार्च
शिवणाच्या काकू दुकानात आल्या. मिशाळाला उघड शिव्या देणारी गल्लीतली एकच बाई. परवा बॉम्बने त्यांची इमारत कोसळली, धाकटी मुलगी गेली. तिचा फोटो फ्रेम करायचा होता.
"मागे मिशाळ लाव."
"काकू, तुम्ही?"
"त्याचं नि माझं घरचं भांडण होतं गं. हे कोण मधे पडणारे?"
मी मागे मिशाळ लावला नि खिळे ठोकले.

१२ मार्च
वीज नाही. पाणी नाही. भीतीचासुद्धा कंटाळा आलाय.

१५ मार्च
दादा आला!! बॉम्बने तुरुंगाची भिंत पडली, तो चालत घरी आला. आईला धरून मी भोकाड पसरलं. त्याच्या कोठडीतले बाकीचे ढिगाऱ्याखालीच राहिले. दादाच्या बोटांना नखं नाहीत — ती मिशाळाच्या माणसांनी काढली. कपही धरता येईना, मी चहा पाजला.
आईने फुलं दाखवली. "बघ, तुझ्यासाठी ठेवलीत." त्याने फुलांकडे पाठ केली. मग झोपला. आता मिशाळ राहो नाहीतर जावो, माझा भाऊ घरात आहे.

१६ मार्च
सकाळी दादाचं अंथरूण रिकामं. दूधवाल्याने त्याला शाळेपाशी पाहिलं — सैन्यभरतीच्या रांगेत.
भिंतीवर मिशाळ. रात्रभर दारावर कुणाचीच थाप पडली नव्हती.