कार्डावरचे सुपरवायझर

शीतलच्या बाबांना जय भीम.

हा शब्द लिहिताना आज हात अडखळला. का, तेच सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं, तेवढ्या दिवसांत मी चार ओळी लिहिल्या नाहीत. गेलेल्या माणसाला पत्र पोचत नाही, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. पण उद्या रविवार. उद्या विहारात सगळ्यांसमोर मला एक गोष्ट बोलायची आहे आणि ती तुमच्याबद्दल आहे. तुमच्या पाठीमागे कशाला बोलू? आधी तुम्हाला सांगते.

मी फसले. फोनवर. तुमच्या फंडाचे दोन लाख, शीतलच्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षासाठी ठेवलेले, वीस मिनिटांत गेले.

रुक्मिणबाई लॉटरीच्या मेसेजला भुलली तेव्हा मीच नळावर तिला विचारलं होतं, "अक्कल काय बेगम बाजारात किलोवर विकून आलीस?" तुम्ही मला घरात ओढून रागावला होतात. "फसलेल्याला हसू नये गया. तो मग पुढच्या वेळी सांगत नाही." तेव्हा मला वाटलं, हा माणूस मऊ आहे. आता कळतंय, तुम्ही माझंच भविष्य सांगत होतात.

त्या दिवशी मी नल्लकुंट्याच्या पुणेकर मॅडमकडच्या पोळ्या करून घरी आले. हात धुते तोच फोन. "जय भीम वहिनी. सुपरवायझर साहेबांच्या घरून बोलताय ना?"

अहो, या हैदराबादेत फोन उचलला की 'अम्मा' नाहीतर 'कौन बोल रे'. आपल्या नांदेडकडच्या हेलात, जय भीम घालून, वहिनी म्हणून कोण बोलतं? मी त्याला पाणी विचारायचीच बाकी होते! आणि शिकवण कुणाची? तुमचीच. "दारात जय भीम आला की आधी पाणी, मग नाव." फोनला दार नसतं, हे का नाही शिकवलंत?

त्याला सगळं ठाऊक होतं. तुमचं नाव, गाव, भावजींचं नाव, शीतलचं नाव, तुम्ही गेलात तो दिवस. म्हणाला, "मी पेन्शनच्या ऑफिसात आहे. साहेबांच्या सुपरवायझरच्या पगाराचा फरक तुम्हाला मिळायचा राहिलाय. आज फाइल बंद होतेय. आपल्या माणसाचं नुकसान नको म्हणून फोन केला."

आता खरं सांगते, कारण खोटं बोलूनच मी इथवर आले. तुम्ही सुपरवायझर नव्हतात हे मला ठाऊक होतं. तरी मी "हो" म्हणाले. वाटलं, ऑफिसची चूक झाली असेल, आपण कशाला तोंड उघडा? जन्मभर चुका आपल्या विरुद्धच झाल्या, एखादी आपल्या बाजूनं झाली तर काय बिघडलं?

मग त्यानं काहीतरी पाठवलं. "हिरवं बटन दाबा वहिनी. आता आलेले आकडे वाचा." मी वाचले. मोठ्यानं, स्पष्ट. "शाबास वहिनी," म्हणाला मेला. मला बरं वाटलं हो! तुम्ही गेल्यापासून मला शाबास कोण म्हणालं होतं?

फोनवर टुणटुण मेसेज आले आणि त्याचा फोन बंद झाला. मला कळलं. तिथंच, चुलीपुढं बसल्या बसल्या कळलं. तरी मी दोन दिवस कुणाला बोलले नाही. सांगायचं काय? की आपला नसलेला फरक घ्यायला गेले आणि आपलं होतं ते देऊन आले?

तिसऱ्या दिवशी शीतल फी भरायला बसली. "मम्मी, खात्यात पैसे नाहीत."

"असतील कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे? बँक आहे की गव्हाचा डबा?"

मग सगळं ओकले. ती रडेल, ओरडेल वाटलं. पोरीनं आधी माझ्या फोनचं नेट बंद केलं, त्यानं घालायला लावलेलं ॲप काढलं, सरकारी हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आणि मला हाताला धरून बँकेत नेलं. रिक्षात एवढंच म्हणाली, "लगेच फोन करायचा होतास ना. पैसे वाटेतच अडवले असते. पहिला तास महत्त्वाचा असतो मम्मी, पेशंटसारखा." तुम्हाला छातीत दुखत होतं, तेव्हाही तुम्ही सकाळपर्यंत बोलला नव्हतात. या घराला गप्प बसायचा रोग आहे का हो?

पोलीस ठाण्यातला हवालदार म्हणाला, "क्या अम्मा, दो दिन क्या कर रे थे?"

"शरम आ रही थी."

"चोर नै शरमाया, तुम कायकू शरमाते?" मग त्यानं विचारलं, "उसकू इत्ता सब कैसा मालूम?"

मला काय ठाऊक? तुमचा फोटो दाखवावा म्हणून पिशवीतून तुमच्या पुण्यस्मरणाचं कार्ड काढलं. त्याला मराठी येईना, म्हणून मीच बोट ठेवून वाचायला लागले. नाव. गाव. गेल्याची तारीख. भावजी. शीतल. खाली माझा फोन नंबर. आणि तुमच्या नावापुढं, 'सुपरवायझर'.

मी तो शब्द पुन्हा वाचला. अहो, डेपोत तुम्ही हेल्पर. बस धुणारे, नटबोल्ट आवळणारे. जगात एकाच ठिकाणी तुम्ही सुपरवायझर आहात, माझ्या कार्डावर! गौलीगुड्याच्या छपाईवाल्यानं विचारलं, हुद्दा काय टाकू? तुमच्या आधी गेलेल्या वडीलभावजींच्या कार्डावर 'सीनियर क्लार्क' होतं. मी म्हणाले, टाका सुपरवायझर. शीतलनं माझ्याकडं बघितलं, मी डोळे वटारले. आणि ते कार्ड आपल्या लोकांच्या प्रत्येक ग्रुपवर मीच फिरवलं. तो मेला माझंच कार्ड मला वाचून दाखवत होता!

तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मला नाही येत हसू. पैसे चोरले, ते समजू शकते, चोराचं कामच ते. पण त्यानं जय भीम चोरला. तो आपल्यातलाच होता की शिकून आलेला, कुणास ठाऊक. आपल्यातला असेल तर जास्त जळतं. आता कुणी समोरून जय भीम घातला की मी आधी त्याच्या हाताकडं बघते. हे काय करून ठेवलं त्यानं माझं?

थोडे पैसे एका खात्यात अडवलेत म्हणतात. बाकीचं काय होईल, कोण सांगणार? कॉलेजनं फी हप्त्यानं घ्यायचं कबूल केलंय. मध्ये आणखी एकाचा फोन आला, "गेलेले पैसे परत काढून देतो, आधी थोडी फी भरा." त्याला मी अशा शिव्या दिल्या की शीतलनं खिडकी लावून घेतली.

आता आजचं. सकाळी ग्रुपवर एक कार्ड आलं. तुमच्या डेपोतला मारोती ड्रायव्हर गेला ना, त्याचं. फोटो, गाव, पोरांची नावं, खाली बायकोचा नंबर. मी लगेच त्याच्या बायकोला, सुमनला फोन लावला. म्हणाली, "ताई, आत्ताच एक आपल्यातला बोलला. जय भीम वहिनी म्हणाला. ह्यांचे काही पैसे राहिलेत, उद्या दुपारी परत फोन करतो म्हणाला."

"उचलू नको. चोर आहे."

"तुम्हाला तर सगळेच चोर दिसतात ताई! तुम्हाला कसं माहीत?"

आणि मी, तोंडावर बोलणारी म्हणून बस्ती जिला घाबरते ती मी, "उद्या विहारात सांगते" म्हणून फोन ठेवला! सुमनच्या त्या प्रश्नाला उत्तर एकच आहे आणि ते उत्तर द्यायचं तर तुम्हाला खाली उतरवावं लागतं.

रागावू नका. उद्या वंदना झाली की मी उभी राहणार. सुमनचा हात धरून, तो फोन यायच्या आत. मी फसले म्हणणार, कशी फसले तेही सांगणार, फरकाचा लोभसुद्धा. आधी रुक्मिणबाईची माफी मागणार, मग बोलणार. कुणी हसलं तर हसू दे. ग्रुपवरचं प्रत्येक कार्ड, ज्यावर बाईचा नंबर आहे, ते तिथंच बसून काढायला लावणार. जय भीम आला तर जय भीम देणार, पाणीही देणार. आकडे मात्र कुणाला वाचून दाखवणार नाही.

आणि तुमचं पुढचं कार्ड मी स्वतः लिहून देईन. त्यावर नंबर नसेल. हुद्दा असेल, ठळक अक्षरात: हेल्पर.

तुमची,
गया