बँकेनं घेतलेलं कर्ज

मंगळवार संध्याकाळ, उदगीर

सुटले एकदाची! आमच्या बँकेनं देशाच्या मध्यवर्ती बँकेकडून तातडीचं कर्ज घेतलंय, ही कुणकुण काल गावभर पसरली आणि सकाळीच शाखेबाहेर गर्दी. मुख्य कार्यालयाचा हुकूम, काहीच बोलू नका. मी मॅनेजर, गप्प कशी बसणार?

निवृत्त शिक्षिका सोनकांबळे बाई पासबुक छातीशी धरून पुढे आल्या. "मॅडम, खरं सांगा. बँक बुडायलीय का?"

खोटं बोलवेना. साडी सावरत बाकड्यावर चढले.

"कर्ज घेतलंय, खरं आहे. तुम्ही मागाल तेव्हा पैसे देता यावेत म्हणूनच घेतलंय. हवे असतील त्यांनी आज न्या."

वाटलं, आता रेटारेटी होणार. बाईंनी पासबुक पिशवीत टाकलं. मग म्हणाल्या, "हे कालच सांगायचं न्हाई का? लई घोर लागला होता." आणि पैसे न काढताच घरी गेल्या. काहींनी काढले. दुपारपर्यंत गर्दी पांगली.

चारला वरिष्ठांचा फोन आला. नोकरी गेली म्हणायचं, दुसरं काय!

"नेमकं काय बोललात ते लिहून पाठवा. बाकीच्या शाखांतही तेच सांगू."

पाठवलं. मग सकाळचा गार डबा उघडला आणि सगळा खाल्ला.