समेट कमिटीच्या अध्यक्षबाई

१२ जानेवारी २००६

आज मी अध्यक्ष झाले. एकमतानं. गावच्या आर्ट गॅलरीच्या बोर्डानं समेट कमिटी काढली. हेड कोण होणार असं विचारल्यावर सगळे टेबलाखाली आपापले बूट बघायला लागले. मी समोर बघत होते. नेतृत्व म्हणतात ते हेच.

बोर्डावर मला दोन वर्षं झाली. सिनियर सिटिझनची खुर्ची. मेयर आमच्या मंडळाच्या गणपतीला आले, मोदक खाल्ले आणि महिन्याभरात माझी नेमणूक. पारखी माणूस. मला इंग्रजी लिहिता-वाचता येत नाही हे बोर्डाला ठाऊक आहे. पण तिथं मीटिंगचे कागद कोणीच वाचत नाही. मी उघडपणे वाचत नाही, बाकीचे चोरून.

समेट करायचा लेनापे लोकांशी, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांशी. ही जमीन मूळची त्यांची. इथून हुसकलं, ते हटत हटत पार ओक्लाहोमाला गेले. त्यांचं एक लाकडी भांडं, चांगलं परातीएवढं, गॅलरीच्या दारातच काचेच्या कपाटात ठेवलंय. मिसेस रूथ म्हणून त्यांच्यातल्या एक बाई ते परत मागतायत. किती वर्षं मागतायत! मला हसूच आलं. दोन बायका समोरासमोर बसल्या की अर्ध्या तासाचं काम.

संकल्प: पाडव्याच्या आत भांडं त्यांच्या घरी.

१३ जानेवारी, सकाळी

नात हिमानी लॉ स्कूलला आहे, मीटिंगमध्ये माझी दुभाषी तीच. म्हणाली, आजी, दे नीड समवन टु ब्लेम. मराठीत सांग म्हटलं. म्हणाली, फजिती झाली तर नाव तुझं.

पोरीला कौतुक करता येत नाही. आईकडून आलंय.

२ फेब्रुवारी

रूथबाई आल्या. विमानानं, पुढं भाड्याची गाडी स्वतः चालवत. माझ्याच वयाच्या. पाठ ताठ. मी तयारीनिशी गेले होते: थर्मासभर आल्याचा चहा आणि संक्रांतीचा तिळगूळ.

बोलायचं काम मी डायरेक्टर गॉर्डनवर सोपवलं. अध्यक्षानं वजन राखावं. चहा मात्र जातीनं ओतला, सगळ्यांना, दोनदा. रूथबाईंनी विचारलं, भांडं कधी देता. गॉर्डन म्हणाला, ही एक प्रोसेस आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. म्हणाला, हा एक प्रवास आहे. त्या म्हणाल्या, प्रवास आमच्या लोकांनी केलाय, तुम्ही तर इथंच आहात. मी लगेच त्यांचा कप भरला.

मीटिंग फार छान झाली. निघताना रूथबाईंनी माझा हात हातात घेतला आणि चहाबद्दल थँक्यू म्हणाल्या. बाकी कोणाचाच हात घेतला नाही. आमचं जमलं.

९ मार्च

निवेदनाचा मसुदा. आम्हाला खेद आहे असं म्हणायचं की आम्ही ऐकत आहोत असं, यावर अख्खी मीटिंग. गॅलरीचा वकील म्हणाला, खेद कोर्टात अंगाशी येतो, ऐकण्यानं काही होत नाही. ऐकत आहोत ठरलं. टाळ्या.

रूथबाई स्पीकरफोनवर होत्या. मध्येच कधीतरी लाइन तुटली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मी चहा ओतत होते.

३० मार्च, पाडवा

भांडं कपाटातच. संकल्पात किंचित दुरुस्ती: पाडवा म्हणजे कुठलाही शुभ दिवस.

१३ एप्रिल

मतदान. गॅलरीच्या दारावर पितळी पाटी, ही जमीन लेनापेंची होती अशी: मंजूर. निवेदन: मंजूर. भांड्यासाठी अभ्यासगट: मंजूर. शिवाय समारंभाच्या दिवशी भांडं कपाटातून काढून रूथबाईंच्या हातात द्यायचं: मंजूर. मी चारही वेळा हात वर केला. गॉर्डन इतक्या आशेनं बघतो की हात आपोआप जातो.

बोर्डावर एक खुर्ची लेनापेंना द्यायचंही ठरलं. खुर्च्या नऊच, म्हणजे कोणीतरी उठायला हवं. मी मिस्टर हॅरिसना सुचवलं, ते तसेही झोपलेले असतात. माझं उठणं गॅलरीला परवडणारं नाही.

गाडीत हिमानी म्हणाली, आजी, हातात द्यायचं ते फोटोपुरतं, मग परत कपाटात. म्हटलं, वकिली शिकून डोकं फिरलंय तुझं. पाहुणीच्या हातात तिचीच वस्तू ठेवायची आणि काढून घ्यायची? असं कोण करतं? मुलगा श्रीरंग ड्राइव्ह करत होता. त्यानं रेडिओ मोठा केला.

२० मे, सकाळी

आज समारंभ. पहाटे उठून बेसन भाजलं. तूप हात सैल सोडून घातलं. कोणाचं भांडं परत करताना रिकामं देत नाहीत, निदान साखर तरी घालतात. एवढी साधी गोष्ट, पण बोर्डातल्या एकाला सुचेल तर शपथ. शेवटी अध्यक्षानंच सगळं बघायचं.

२० मे, संध्याकाळी

भाषणं झाली. पाटीवरचा पडदा निघाला. गॉर्डन पांढरे हातमोजे घालून भांडं घेऊन आला आणि टेबलावर ठेवून फोटोवाल्यांना जागा दाखवायला वळला. तेवढ्यात मी लाडू रचले. छान बसले, भांडं जणू लाडवांसाठीच कोरलेलं. पदर सावरून, दोन्ही हातांनी उचलून रूथबाईंना दिलं. घ्या म्हटलं. हे मराठीतच म्हटलं, पण कळलं त्यांना.

गॉर्डनचा चेहरा मोज्यांसारखा पांढरा. फोटो निघतच होते. त्यानं हसत हसत भांड्यासाठी हात पुढं केले. रूथबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, एक लाडू उचलून त्याच्या हातमोज्यावर ठेवला आणि भांडं घेऊन सरळ दाराबाहेर. कॅमेऱ्यांपुढं अडवणार कोण? गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी टाळ्या वाजवल्या. हिमानी एवढी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. बाकीचं बोर्ड भावुक झालं होतं, सगळे पुन्हा आपापले बूट बघत होते.

२४ मे

बोर्डाची तातडीची मीटिंग. मला बोलावलं नाही. माझा सत्कार ठरत असणार.

२६ मे

गॉर्डन पेपरात म्हणाला की भांडं परत करायचं गॅलरीनं केव्हाच ठरवलं होतं, हा आमचा धाडसी निर्णय. मोठ्या मनानं माफ केलं. हिमानीनं दुसरी बातमी सांगितली: दोनशे वर्षांच्या लाकडात तूप मुरवल्याबद्दल मला बोर्डातून मोकळं केलंय, आणि लेनापेंना द्यायची खुर्ची सापडलीये. माझी. मिस्टर हॅरिस जागे झाले नाहीत.

हरकत नाही. लहान खुर्ची काढतात ती मोठी देण्यासाठी.

१ जून

रूथबाईंनी खुर्ची नाकारली. म्हणाल्या, भांडं मिळालं, मीटिंगा तुमच्या तुम्हाला राहू द्या. खुर्ची रिकामी. आता गॅलरीपुढं दुसरा मार्गच नाही. जांभळी साडी इस्त्रीला दिली. आभाराचं भाषण हिमानीला ऐकवलं. ती म्हणाली, आजी, प्लीज.

८ जून, दुपारी

रूथबाईंचा फोन! हिमानीनं स्पीकरवर टाकला. मी घसा साफ करून भाषण सुरू केलं, कमिटीची अध्यक्ष या नात्यानं वगैरे. हिमानी भाषांतर करेना. ओठ चावून नुसती ऐकत होती. मग म्हणाली, आजी, ऐक. त्या विचारतायत, गॅलरीत चहा देणाऱ्या बाईला भांड्यावरून कामावरून काढलं, ते खरं का? त्यांना फार वाईट वाटतंय. त्यांच्या ओक्लाहोमाच्या सेंटरला किचनमध्ये माणूस हवंय. राहायची सोय आहे.

मी खुर्चीत ताठ बसले. जानेवारीनंतर कोणीतरी प्रथमच पद देऊ करत होतं.

म्हटलं, विचार त्यांना, किचनला हेड कोण आहे.