नंदा गमरे आली होती, त्याबद्दल

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, कुसरवणे,
जि. रत्नागिरी.

अर्जदार : सौ. सुंदराबाई सहदेव गमरे, रा. तळ्याचीवाडी.

विषय : कु. नंदा गमरे ही दि. १३ ऑक्टोबर १९८६ रोजी आपल्या रुग्णालयात आली होती, तशी नोंद घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. २४ नोव्हेंबर १९८६.
२) आपले समजपत्र दि. १९ जानेवारी १९८७.

महोदय,

१. अर्जदार बाईंना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितले ते त्यांच्या मुलीच्या वर्गशिक्षकाने खाली उतरवले आहे.

२. त्या सकाळी भात कापताना नंदाच्या उजव्या घोट्याला नाग चावला. बाईंनी नाग डोळ्यांनी पाहिला. नवरा मुंबईस गोदीत असल्याने वाडीतल्या दोघांनी पोरीला डोलीत घालून डोंगरावरचा कातळी सडा ओलांडला, आणि एस.टी.ने सर्वजण साडेदहाला आपल्याकडे पोचले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय केसपेपर निघत नाही." आतल्या दारावरचा शिपाई म्हणाला, "केसपेपर दाखवा, मग सोडतो." बाई खिडकीकडून दाराकडे आणि दाराकडून खिडकीकडे सहा वेळा गेल्या. डॉक्टर शस्त्रक्रिया शिबिराला दुसऱ्या गावी गेले आहेत, हे त्यांना बाराला कळले.

नंदा बाकावर होती. "आये, डोळं उघडत नाय," एवढेच ती जड जिभेने म्हणाली. शिपायाने वाकून पाहिले आणि सांगितले, "झोपलीय पोर. झोपू दे, बरं वाटेल." बाईंनी ते खरे मानले. पोरीची झोप मोडू नये म्हणून त्यांनी हातातल्या बांगड्या वर सरकवून घट्ट बसवल्या आणि पदराने वारा घालीत राहिल्या. एकच्या सुमारास झाडूवाली बाकाखालून झाडू लागली, तेव्हा नंदाचा पाय खाली घसरला आणि तसाच लोंबत राहिला. बाई किती वेळ मेलेल्या मुलीला वारा घालीत होत्या, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

३. नोंद नाही म्हणून प्रेत ठेवून घेता येणार नाही, असे सांगून मुलीला परत पाठवण्यात आले. ग्रामपंचायत म्हणते, मृत्यू रुग्णालयात झाला, तेथे नोंदवा. आपले पहिले पत्र म्हणते, "सदर नावाचा रुग्ण आलाच नसल्याने मृत्यूचा प्रश्न उद्भवत नाही." दाखला नसल्यामुळे शाळेच्या हजेरीपटावरून नंदाचे नाव कमी करता आलेले नाही. रोज ते पुकारावे लागते. वर्ग खाली मान घालतो, आणि गैरहजेरी मांडली जाते.

४. तेव्हापासून बाईंना कोणाचे मिटलेले डोळे पाहवत नाहीत. दिवाळीला आलेल्या नवऱ्याला त्यांनी इतक्यांदा हलवून उठवले, की तो सुट्टी संपायच्या आधीच मुंबईस परतला. दर सोमवारी बाई आपल्या रुग्णालयात येऊन त्याच बाकापाशी बसतात. कोणाची पापणी मिटली की त्याला हलवून विचारतात, "जागे आहात ना? नाव सांगा." यामुळे रुग्णांना त्रास होतो, आणि हे थांबले नाही तर पोलिसांना कळवावे लागेल, असे आपल्या समजपत्रात आहे. त्रास होतो ही गोष्ट खरी आहे. एका बाळंतिणीला रडू फुटले होते. त्याबद्दल बाई हात जोडतात.

५. मात्र दि. १२ जानेवारीची हकीकत समजपत्रात आलेली नाही. त्या दिवशी सकाळी आंब्यावर फवारणी करणारा शिवा नावाचा गडी त्या बाकावर आडवा झाला होता. अंग घामाने भिजलेले, तोंडाला फेस. लोक म्हणाले, दारू प्यायलाय, निजू द्या. बाईंनी हलवले, तो उठेना. त्यांनी शिपायाला बाजूला सारले, आत जाऊन परिचारिका सगुणाबाईंचा हात धरला आणि त्यांना बाहेर आणले. सगुणाबाईंनी त्याची पापणी वर करून पाहिली, फवारणीचे विष भिनल्याचे ओळखले आणि केसपेपरवाचून त्याला आत घेतले. शिवा पाचव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला. पाहायला एक मिनिटही लागले नव्हते. ते एक मिनिट बाईंनी जवळून पाहिले, आणि घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही.

६. तरी विनंती अशी, की डॉक्टर असोत वा नसोत, दारात येईल त्याचे नाव, वेळ आणि दुखणे आधी लिहून घ्यावे, आणि जाणत्या माणसाने त्याला लगेच पाहावे. केसपेपर मागाहून होऊ द्यावा. एवढे सुरू झाले, की बाई कोणालाही उठवणार नाहीत. तोपर्यंत मात्र तसे वचन त्यांना देता येत नाही.

७. मागील तारखेची नोंद करता येत नाही, असे आपल्या कचेरीतून तोंडी सांगण्यात आले. तसे असेल तर आजच्या तारखेला करावी. त्या दिवशी कोणी विचारले नाही, म्हणून बाई आता सांगत आहेत : नाव नंदा सहदेव गमरे. वय तेरा. उजव्या घोट्याला नाग चावला. आली तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि ती जागी होती.

येत्या सोमवारीही आपल्या बाकापाशी असणारी,

सौ. सुंदराबाई सहदेव गमरे
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

लिहून देणार : हरिश्चंद्र रावजी शितप, शिक्षक
दि. ९ फेब्रुवारी १९८७

सोबत : संदर्भातील दोन्ही पत्रांच्या नकला, हजेरीपटाचा उतारा, इयत्ता सातवी.