आण्णांसाठी बोलकं पोर्टल

३ फेब्रुवारी, सकाळी
ठरलं. आपलं न्यूज पोर्टल 'खणखणीत कोल्हापूर' आजपासून अंध वाचकांसाठीसुद्धा. जिल्ह्यात पहिलंच. (चौकशी केलेली नाही, पण पहिलंच असणार.)
पहिले वाचक आमच्या गल्लीतले आण्णा चौगले. शुगरनं डोळे गेले. सून क्रांती पेपर वाचून दाखवते, पण निधनाच्या बातम्या गाळते. उगंच जीवाला लावून घेतात म्हणे. आण्णांचं म्हणणं एकच, आपल्या जोडीचं कोण गेलं ते कळाय नको व्हय? म्हटलं, आण्णा, तुम्ही निर्धास्त राहा.

५ फेब्रुवारी
आण्णांच्या मोबाईलवर वाचून दाखवणारं ॲप चालू केलं. बातम्या खडाखडा वाचतंय. फोटो आला की नुसतं 'इमेज' म्हणतं आणि पुढं जातं. आणि निधनाच्या जाहिराती सगळ्या फोटोतच! प्रत्येक फोटोमागं एक ओळ लिहायची असते, ती मोबाईल बोलतो. लिहू की. त्यात काय!

९ फेब्रुवारी
वैताग. पोर्टलवर बातम्या कमी, वाढदिवसाचे फ्लेक्स जास्त. शेवटी एकच ओळ करून ठेवली. कॉपी-पेस्ट, नाव तेवढं बदलायचं.
आण्णा जाम खूश. आता सुनेची मिनतवारी न्हाय म्हणाले. मला भरून आलं. पुरस्कारासाठी अर्ज करावा का?

१४ फेब्रुवारी
झक मारली.
आण्णांचे तालमीतले जोडीदार गुंडू खोत गेले. रक्षाविसर्जनाची जाहिरात काल मीच टाकली. घाईत ओळ नेहमीचीच पडली. मोबाईल आण्णांना म्हणाला, श्री. गुंडू खोत यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!
आण्णा हार-पेढे घेऊन रिक्षानं गेले. दारातूनच ओरडले, गुंड्या, म्हातारा झालास की रं! घर माणसांनी भरलेलं. गुंडूंच्या लेकीनं हात धरून आत नेलं. आणलेला हार आण्णांनी फोटोला घातला.

१५ फेब्रुवारी
आण्णांकडं गेलो. चूक तांत्रिक आहे, हे नीट समजावलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, क्रांती गाळत हुती, पर खोटं वाचत न्हवती.
संकल्प: प्रत्येक फोटोची ओळ स्वतः लिहिणार. उद्यापासून.

२० फेब्रुवारी
लिहिल्या. आण्णांना सांगायला फोन केला. क्रांतीनं उचलला. आण्णांनी ॲप काढून टाकाय लावलं म्हणाली.

२३ फेब्रुवारी, सकाळी
दूध आणायला निघालो, तर आण्णा कट्ट्यावर. शेजारी क्रांती पेपर वाचतेय. निधनाचं पान, एकेक नाव थांबून. म्हणजे आपल्या मोहिमेला यश आलंच म्हणायचं.
हाक मारणार होतो. मारली नाही. चपलांचा आवाज न करता पलीकडून सटकलो. आण्णांना दिसत नाही ते बरंय, असं मनात आलं, आणि माझी मलाच लाज वाटली.