दोन तऱ्हेची कव्हरं

४ डिसें. १९७२, सोम.
माशांचं पुस्तक भिजून परत आलं. पानं फुगलेली, चित्रं एकमेकांना चिकटलेली. बापूरावच्या मुलाने आणलं. म्हणे आईने धुतलं. आधी ते बौद्धवाड्यातल्या चंद्रकलाच्या घरी जाऊन आलं होतं, हे तिला कळलं. पुस्तक धुऊन वाळत घालणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. मासे पाण्यातच गेले म्हणायचं. मी हसलो नाही. बापूराव शाळा समितीत आहे.

५ डिसें.
बापूराव ऑफिसात. "मास्तर, आमच्या घरात देव हायेत. तुमचं वाचनालय बराबर चालवा न्हाई तर बंद करा."
मुख्याध्यापक लगेच, "बंदच करू. झंझट न्हाई." त्यांना पुस्तकांचं कपाट उघडं दिसलं की पोटात दुखतं. मी हट्टाला पेटलो. म्हणालो दोन दिवस द्या.

७ डिसें.
तोड निघाली. गावातल्या पोरांच्या पुस्तकांना खाकी कव्हर, वाड्यातल्या पोरांच्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं. रेशनच्या मायलो ज्वारीच्या पिठाची खळ करून स्वतः बसलो. बोललो कुणाशीच नाही, फक्त बापूरावला सांगितलं. त्याने मान डोलावली. कपाट वाचलं, पुस्तकं सगळ्यांना मिळणार. आज स्वतःवर खूश आहे.

१६ डिसें., शनि.
चंद्रकलाचा बाप कचरू शाळेच्या फाटकाशी थांबला होता. दुष्काळी कामावर खडी फोडतो. संध्याकाळी पोरगी वाचते आणि अख्खी गल्ली ऐकते म्हणे.
"गुरुजी, त्या चोराला राजानं सोडलं का? ती सांगून नाही राह्यली. उद्या वाचते म्हणती."
मला ठाऊक नव्हतं. कपाटातली निम्मी पुस्तकं मी वाचलेली नाहीत. "पोरीलाच विचारा," म्हणून सुटलो.

२ जाने. १९७३
चंद्रकला, इयत्ता चौथी, हजर. पेपरची सगळी पुस्तकं संपवली. आता खाकी पाहिजे.
"तीच परत वाच."
"दोनदा वाचली गुरुजी. माझ्या पुस्तकाला पेपरच का?"
"तुला बातम्याही वाचायला मिळाव्यात म्हणून." वर्ग हसला. मीही हसलो. ती नाही हसली. खाकी कप्प्याकडे बघत उभी राहिली, मग जागेवर गेली.

११ जाने.
कव्हरं फाटली होती. चंद्रकलाचा हात नेटका, म्हणून दुपारी तिला नवी घालायला बसवलं आणि मी पोरांना खायची सुकडी वाटायला गेलो. परत आलो तर सगळ्या पुस्तकांना कव्हरं घालून झाली होती. "हे एक नेऊ?" ने म्हणालो, बघितलंही नाही.
ती गेल्यावर कपाट उघडलं. सगळीच पेपरची. एकूण एक. खाकी कागद काढून, सरळ करून, घडी घालून टेबलावर ठेवलेले. कुठलं गावाचं नि कुठलं वाड्याचं, काही कळेना. मी पुस्तकं कव्हरावरून ओळखत होतो, हे आज समजलं.

१२ जाने., शुक्र.
बापूराव सकाळीच हजर. कुणी सांगितलं कोण जाणे. मु.अ. माझ्याकडे बघतात. मी चंद्रकलाला उभं केलं.
"कुठली कुठली ते वेगळी काढ."
"मला समदी ठावी हायेत. पहिल्या ओळीवरून सांगंन."
"मग काढ."
"न्हाई काढायची."
दोन्ही हातांवर छडी. सहा की सात, आठवत नाही. बापूरावसमोर मारलं, म्हणून जोरात मारलं. हात आखडला नाही तिने. रडलीही नाही, त्याचा मला जास्तच राग आला. शेवटी मु.अ. म्हणाले बस्स. मी थांबलोच नसतो, हे लिहून ठेवतो.
कपाटाला कुलूप. किल्ली माझ्याकडेच दिली.

१५ जाने.
चंद्रकला गैरहजर.

१७ जाने.
गैरहजर. पोरं सांगतात, आईबरोबर खडीवर बसते. सुजल्या हातांनी हातोडी कशी धरत असेल. विचारायला जावं असं वाटलं. गेलो नाही.

२४ जाने.
तालुक्याहून शाळा तपासायला साहेब आले. कपाट उघडायला लावलं. एकसारखी कव्हरं, एकसारख्या रांगा. खूश झाले. शेरेवहीत लिहून गेले: "पुस्तके अतिशय जपून ठेवली आहेत. वाचनालय प्रमुख शिक्षकांचे अभिनंदन." मु.अ.नी वर्गावर येऊन वाचून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून ऐकलं.

३ फेब्रु., शनि.
शाळा सुटल्यावर कचरू आला. कामावरून तसाच, अंगभर पांढरी धूळ. हातात एक पुस्तक, विनाकव्हरचं. वर उंटाचं चित्र. त्या दिवशी तिने नेलेलं. म्हणजे खाकीतलं असणार.
"हे तिच्यापाशी राह्यल्तं. कव्हर तिनंच काढलं. म्हणली, असंच द्या."
दोन्ही हातांनी पुढे केलं. माझा हात निघाला आणि मागे आला. "तिथं टेबलावर ठेवा," म्हणालो. बापूराव नव्हता, मु.अ. नव्हते, कुणीही नव्हतं. दोन महिने मी त्यांनाच शिव्या घालतोय.
कचरूला ते दिसलं. त्याने पुस्तक ठेवलं, पण गेला नाही.
"गुरुजी, उंट हरवलाय तिथवर तिनं वाचल्तं. आता पुस्तकाला हात लावून नाही राह्यली. घरातली म्हातारी रोज विचारती, उंट घरी आला का. तेवढं शेवटचं पान वाचून दाखवता?"
म्हणालो, आता कुलूप लावायचंय, सोमवारी या. चंद्रकलाला घेऊन या, असंही म्हणालो.
"ती येती का बघतो," म्हणाला आणि गेला.
पुस्तक टेबलावरच आहे. अजून उचललेलं नाही.