आडात टाकलेला आरसा

आण्णा, माझा डावा पाय गेला. शुगरनं काळा पडला, अंबाजोगाईच्या दवाखान्यात गुडघ्याखाली कापला, आणि कापल्यावर जास्तच दुखायला लागला. नसलेला अंगठा कुणीतरी पिळून काढावा तसं होतं. तेव्हा तुमची आठवण आली. एरवी मी काढत नाही.

दुष्काळात दूध सोसायटीनं पाटोद्याच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली होती. माजलगावकडून उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, चाऱ्याला यायचे आणि ते तोडायच्या कुट्टी मशीनवर तुम्ही असायचात. मशीननं पेंढीसकट उजवा हात ओढून घेतला. जखम भरली तरी तुम्ही ओरडायचात, "मूठ आवळलेलीच हाय, नखं तळव्यात रुतत्यात." सोसायटीचा चेअरमन हसला, "हातच न्हाई तर दुखतंय काय बे? सोंगं करतो." आत्यानं थोटकाला बिब्ब्याचे चटके दिले. कातडी जळाल्याचा तो वास मला अजून आठवतो. मला कीव आली असेल असं समजू नका. त्याच हातानं तुम्ही आईला मारायचात. कालवण अळणी झालं म्हणून, टँकर उशिरा आला म्हणून. टँकरचा उशीर हासुद्धा तिचाच गुन्हा. हात गेला आणि घर शांत झालं. डाव्या हाताला मारायचा सराव नव्हता. सगळा गाव वाळून चालला होता, आणि त्या वर्षी आई अंगानं भरली.

मग ती दुपार. आई भिंतीवरचा आरसा उतरवून पुसतेय, खाटेच्या पायाला टेकवलाय. तुम्ही शेजारी बसलाय, थोटूक आरशामागं, धडका डावा हात पुढं. आरशात बघता बघता तुम्ही डावी मूठ उघडता आणि तुमचं तोंडच सैल पडतं. "अगं, उघडली. ह्यो बघ माजा हात, आला माघारी." परत परत मूठ मिटताय, उघडताय, हसताय. तुम्हाला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. आत्या दारातूनच किंचाळली, की मेलेला हात आरशात शिरलाय, घराचं वाटोळं होईल. दिवस मावळायच्या आत आईनं आरसा नेऊन आडात टाकला. आड कोरडा होता, तळाच्या दगडावर फुटल्याचा आवाज वर आला. तुम्ही काठावर बसून लेकरागत रडलात. त्यानंतर घरात आरसा आला नाही. आई कुंकू बोटाच्या अंदाजानंच लावायची. आणि तुमची मूठ मरेपर्यंत उघडली नाही.

आता दवाखान्यातली डॉक्टरीण, माझ्या लेकीच्या वयाची, माझ्या दोन पायांमध्ये आरसा उभा करते. "मावशी, आरशात बघा आणि चांगला पाय हलवा. डोक्याला वाटतं दोन्ही पाय आहेत." थोटकावर खरबरीत कापड चोळायला लावते, बारीक करंटच्या पट्ट्या चिकटवते. सुई नाही, चाकू नाही. सगळ्यांनाच गुण येत नाही म्हणाली, पण मला येतोय. नसलेला अंगठा हळूहळू सुटतो.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, म्हातारी कपाळ बडवून घेईल, की आपण अडाणीपणानं औषधच आडात फेकलं. ती तूर निवडत होती. मान वर केली नाही.

"मला ठावं व्हतं," म्हणाली. "भूत तुज्या आत्याच्या डोस्क्यात व्हतं, माज्या न्हाई. त्यांचं तोंड बगितलं मी. दुखणं थांबलंतं. हात माघारी आला म्हनले. मी कशाला येऊ देऊ?"

आणि खडे वेचत राहिली.

आण्णा, हे पत्र कुठं पाठवायचं नाही. मला तिचा राग आला नाही, एवढं तुम्हाला कळलं तर बरं. मी रोज आरसा घेऊन बसते, आणि झालं की तो पालथा घालते. पाय माझा आहे, पण आरशात एखाद्या दिवशी तुमचा हात दिसेल अशी मला अजून भीती वाटते.